शिरीषाखालच्या किल्ल्या

ते आधी गाडीला सलाम करायचे आणि मग गाडीतून उतरणाऱ्या माणसाला. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मला वाटलं, यांची नजर अधू असावी. नंतर कळलं की नजर चांगली होती, क्रमच तसा ठरलेला होता. तहानलेली गाडी आली आहे, तर विचारपूस तिची आधी.

चिखलीच्या बाहेर, बुलढाण्याच्या रस्त्याला लागून, त्यांच्या वडिलांचं जिनिंग होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. ते बंद पडून खूप वर्षं झाली होती. यंत्रं भंगारात गेली होती. उरलं होतं ते मोठं मातीचं आवार, मध्ये शिरीषाचं झाड, आणि भिंतीवर एक लांब लाकडी फळी, तिला ओळीनं खिळे. पूर्वी कापसाच्या गाड्या इथं मापाची वाट पाहत उभ्या राहायच्या तेव्हा गाडीवाले त्या खिळ्यांना आपल्या भाकरीची फडकी अडकवायचे. आता त्याच आवारात एका कंपनीनं इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचं मशीन बसवलं होतं. एक मशीन आणि त्याला दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या दोन जाड वायरी. राखण ते करायचे.

माझ्या भावानं परदेशी जाताना त्याची पांढरी गाडी माझ्याकडं सोडली होती. मी राहायचे त्या इमारतीत वरच्या मजल्यावरून वायर खाली सोडायला परवानगी नव्हती, म्हणून रविवारी दुपारी मी त्या आवारात जायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मीही म्हणायचे, पण मनात. मोठ्यानं म्हणायला मला बराच काळ लागला. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि वर्गात तासभर बोलू शकते, पण अनोळखी माणसाला हाक मारायची म्हटली की वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघावं लागतं.

चार्ज होत असलेल्या गाडीत बसून राहायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मी पहिल्या दिवशी गाडीत पुस्तक उघडून बसले होते. ते काचेपासून जरा लांब उभे राहिले आणि माझ्याकडं न बघता मशीनला म्हणाले, "जनावर पानी पेते तवा त्याच्या पाठीवर कोनी बसते काय?"

मशीननं उत्तर दिलं नाही. मी उतरले.

झाडाखाली खुर्च्या होत्या. एकही दुसरीसारखी नव्हती. एक शाळेची, एक दवाखान्यातली, एक वेताची, एक लग्नाच्या मंडपातली, राहून गेलेली लाल प्लास्टिकची. चाचा स्वतः स्टुलावर बसायचे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल. आणि आमच्याकडं पाठ करून. मला आधी तो तुसडेपणा वाटला. मग लक्षात आलं की समोर कोणी टक लावून बसलेलं नसलं की माणसं मोकळी होतात. त्यांच्या त्या पाठीमुळं कापसाचे व्यापारी, पशुवैद्य, शाळेच्या बाई, अमडापूरचे शेतकरी असे एकमेकांशी कधी न बोलणारे लोक तासभर एकाच सावलीत बसून बोलायचे. मी ऐकायचे. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वर खुळखुळत असायच्या, कोणीतरी खूप दूर ताट-वाट्या विसळत असल्यासारख्या, आणि मधूनच चाचा आवाज न वाढवता जाहीर करायचे, "डावीकडची पिऊन राह्यली. उजवीकडचीचं झालं."

"झालं" म्हणजे काढा, असं मात्र ते कधी म्हणायचे नाहीत. म्हणू शकायचेच नाहीत. त्यांच्या सगळ्या तऱ्हेवाईकपणाचं मूळ तिथं होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मशीनकडं बघत.

"माझे अब्बा त्या फाटकात उभे राह्यचे. हट! गाडी काढ बे! उचल रे! बैल बी दचकायचे. त्यायनं काय केलं मालूम? दोघाच्या वाट्याचं वरडून घेतलं. मह्या वाट्याले काहीच नाही ठेवलं."

मशीन नवीन होतं तेव्हा एक माणूस गाडी लावून, किल्ली खिशात घालून बाजारात निघून गेला होता म्हणे. गाडी कुलूपबंद असली की गन तिच्यातच अडकून राहते, ओढली तरी निघत नाही. मागं दुसरा वाट बघत होता. चाचांना ना त्या पहिल्याला बोलावणं जमलं, ना दुसऱ्याला समजावणं. त्यांनी घरून आलेला आपला डबा त्या वाट बघणाऱ्याला खाऊ घातला आणि स्वतः संध्याकाळपर्यंत उपाशी, त्या कुलूपबंद गाडीजवळ तिचा अपराध आपलाच असल्यासारखे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरचे गंजके खिळे काढून नवे ठोकले. तेव्हापासून रिवाज पडला. आवारात आलं की गन लावायची, गाडी उघडी ठेवायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि सावलीत जाऊन बसायचं. किंवा बाजारात जा, नमाजाला जा, कुणा नातलगाकडं जाऊन या. तुमची गाडी भरली की आवारात जो कोणी असेल तो ती बाजूला लावेल आणि पुढची आत घेईल. चाचांना स्वतःला गाडी येत नव्हती, सायकलही नाही. आणि दुसऱ्याच्या किल्लीला ते बोटही लावायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "डावीकडचीचं झालं," आणि कोणीतरी उठायचं.

मला वाटतं, मी त्या जागेच्या प्रेमात पडले ती यामुळंच. तिथं कुणी कुणाला "जरा गाडी काढता का?" असं विचारायची वेळच यायची नाही. जे वाक्य मला आयुष्यात सगळ्यात अवघड जातं, ते त्या आवारात कुणालाच म्हणावं लागत नव्हतं.

हळूहळू मीही उठायला लागले. अनोळखी लोकांच्या गाड्या मी झाडाखालून सरकवायचे. आवाज नाही, धूर नाही, नुसती माती हलके दबल्याचा भास. एकीत अत्तराचा वास असायचा, एकीत लहान मुलाचा एकच बूट, एकीत सोयाबीनचं पोतं शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं. कुणाची सीट इतकी पुढं की माझे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, कुणाचा आरसा असा वळवलेला की त्यात फक्त आकाश दिसायचं. पाच-पन्नास पावलांपुरतं मी दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात बसून यायचे आणि किल्ली परत खिळ्याला लावायचे. एका दुपारी ऊन असं पडलं होतं की मला सगळं आवार पाण्याखाली असल्यासारखं वाटलं, आणि त्या गाड्या म्हणजे तळाशी फिरणारे मोठे, शांत मासे.

गाड्या जागेवरून हलायच्या, त्यामुळं आपली गाडी कुठं सोडली होती याला काही अर्थ उरायचा नाही. निघताना फळीवरून किल्ली काढायची, बटण दाबायचं आणि जी दिवे मिचकावेल तिच्यात बसायचं. नंबर बघायची सवय सगळ्यांची गेली होती. आणि आमच्या भागात पांढरी गाडी सोडून दुसरी कोणी घेत नाही.

चाचांचा मुलगा नागपूरला होता. त्यानं सांगून ठेवलं होतं की मशीन आहे तोवर आवार राहू द्या, मशीन गेलं की प्लॉट पाडून विकू. हे आवारात सगळ्यांना माहीत होतं. चाचा त्यावर बोलायचे नाहीत. मशीनवर धूळ बसू द्यायचे नाहीत, एवढंच.

त्या रविवारी मी आत्याला घेऊन बुलढाण्याहून निघाले होते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर गॉगल. तिला अमडापूरला घरी सोडायचं होतं आणि त्याआधी गाडी भरून घ्यायची होती. आत्या मागच्या सीटवर आडवी होऊन गाढ झोपली होती. नियम असा की कोणी आत बसायचं नाही. मी चाचांकडं बघितलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मशीनला हळूच म्हणाले, "झोपलेल्या माणसाचं वजन नसते." मी काचा उतरवल्या आणि किल्ली खिळ्याला लावली.

माझी गाडी भरली तेव्हा शाळेच्या बाईंनी ती अलगद, आत्याला न उठवता, झाडाखाली नेऊन लावली. थोड्या वेळानं चाचा म्हणाले, "उजवीकडचीचं झालं," आणि ती बाजूला घ्यायला मी उठले. मी दुसऱ्याच्या गाडीत असताना बियाण्यांच्या कंपनीचा एक तरुण विक्रेता बाजारातून परत आला. त्याचीही गाडी पांढरी, तशीच. त्यानं फळीवरून किल्ली काढली, बटण दाबलं, झाडाखालच्या गाडीनं दिवे मिचकावले. तो बसला आणि खामगावच्या वाटेला लागला.

मी किल्ली लावायला फळीपाशी आले. माझ्या खिळ्यावर काही नव्हतं, शेजारच्या खिळ्यावर तशीच दुसरी किल्ली होती. झाडाखाली सावलीत गाडीच्या आकाराएवढी दबलेली माती होती.

"माझी आत्या," मी म्हणाले. बहुधा तिथं मोठ्यानं बोललेले ते माझे पहिलेच शब्द.

एकदम गलका झाला. व्यापारी म्हणाला पोलिसात फोन लावा, पशुवैद्य म्हणाला आधी खामगाव रस्त्यावर जाऊ, बाई माझा हात धरून उभ्या राहिल्या. चाचा स्टुलावरून उठले आणि परत बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. मशीनच्या कंपनीचा होता. एक मुलगी फार गोड इंग्रजीत म्हणाली की आपली गाडी आमच्या दुसऱ्या ग्राहकाकडं आहे, आणि मागच्या सीटवर एक महिला आहेत, त्या आपल्याच आहेत ना याची खात्री करायची होती.

मी इंग्रजीतच हो म्हणाले.

झालं असं होतं. अमडापूर खामगावच्याच वाटेवर आहे. गाडी थोडी पुढं गेली तोच आत्या जागी झाली. समोर तिला एक अंधुक डोकं दिसलं. ती म्हणाली, "आलं काय वं अमडापूर?" त्या पोरानं इतका जोरात ब्रेक मारला की ती पुढं आली. "अवं, हळू! डोया शिवला माहा, फोडतं काय आता?" तो बोबडी वळल्यासारखा म्हणाला, "काकू... तुम्ही कोन?" आत्यानं गॉगल वर केला, एका डोळ्यानं त्याला नीट पाहिलं आणि म्हणाली, "मी कोन? गाडी मह्या भाशीची, अन् मलेच विचारतं बे?" तो घाबरून गेला. माझा नंबर कुणाकडं नव्हता. त्यानं मशीनच्या ॲपवरच्या नंबरला फोन लावला आणि मग आत्यानं त्याला आपल्या घरापर्यंत नेऊन चहाला बसवलं.

मी त्याची गाडी घेऊन अमडापूरला निघाले. चाचा शेजारी येऊन बसले. गाडीत बसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि सगळा रस्ता ते समोरच्या काचेतून असे बघत होते, जणू रस्ता नाही, कुणीतरी त्यांना एखादी फार लांब गोष्ट सांगतंय.

आत्या ओसरीवर बसली होती. तो पोरगा तिच्या डोळ्यात औषध घालत होता.

"आली वं तू?" आत्या म्हणाली. "हे पोरगं लय चांगलं आहे. तुह्यापेक्षा सावकास चालवते." मग चाचांकडं बघून, "हे कोन?"

"मीच तो, ज्याच्या आवारातून तुमाले नेलं," चाचा म्हणाले. "माफी मांगाले आलो."

"माफी कायची? दरवाजापर्यंत आनून सोडलं. यष्टी सोडते काय असं?" आणि तिनं त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितला.

चाचांनी चहा घेतला, पण त्यांना हसू काही आलं नाही. कारण तो फोन कंपनीला गेला होता.

त्याच आठवड्यात कंपनीचा अधिकारी आला. मलाही बोलावलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मला विचारलं, तुमची तक्रार आहे का? मी नाही म्हणाले. किल्ली यांनी तुमच्याकडून मागून घेतली का? मी म्हणाले, इथं कुणी किल्ली मागत नाही, मी स्वतः लावली. तो मान हलवत राहिला.

"मॅडम, तुमच्या आत्या होत्या म्हणून ठीक. उद्या लहान मूल असलं तर?"

तो बरोबरच बोलत होता. त्यानं चाचांना सांगितलं की फळी आजच काढायची, किल्ली ज्याची त्याच्याजवळ. गाडी भरली की मालकाला सांगून काढायला लावायची, ते काम तुमचं. आणि इथून जागेवरून भांडणाची एक जरी तक्रार आली तरी मशीन पुढच्या पेट्रोल पंपावर हलवू.

"सांगून," चाचा म्हणाले. एवढंच.

फळी त्यांनी स्वतः उतरवली. भिंतीवर तिच्या जागी चुन्याचा एक लांब, स्वच्छ पट्टा राहिला.

आता किल्ली ज्याच्या-त्याच्या हातात, म्हणून लोक गाडीतच बसायला लागले. काचा वर, एसी चालू, फोन समोर. झाडाखालच्या खुर्च्यांवर शेंगा पडायच्या. दोन-तीन रविवार कसेबसे गेले. कोणाची गाडी भरली की चाचा तिच्याभोवती चक्कर मारायचे, झाडाशी जायचे, साल खरवडायचे, परत यायचे. कधी आतल्या माणसाचं लक्ष जायचं, कधी नाही. मीही गाडीत काच वर करून बसायचे आणि मनात ते वाक्य दोनदा, तीनदा म्हणून बघायचे. दार काही उघडायचे नाही.

मशीन आज कुठं आहे, असं मला कोणी विचारलं की मी सांगते, तिथंच, तक्रार एकही गेली नाही. ते कसं, हे सांगायचं तर त्यानंतरच्या एका दुपारचं सांगावं लागतं.

उजवीकडची गन त्या दिवशी बंद होती. डावीकडं एक मोठी गाडी होती, भरून बराच वेळ झालेली. आतला माणूस सीट मागं टाकून झोपला होता, छातीवर फोन. मागं एक कुटुंब थांबलेलं होतं. मेहकरकडचं असावं. मुलं कंटाळली होती. त्यांच्या मागं माझी गाडी. त्या बापानं आधी एक छोटा हॉर्न दिला. मग एक मोठा. त्या आवारात मी ऐकलेला तो पहिला हॉर्न. झोपलेला माणूस नुसता कुशीवर वळला.

"ओ चाचा!" बाप खाली उतरून म्हणाला. "सांगा ना त्याले! का घर आहे त्याचं? तुम्ही सांगत नसान तर मी लावतो कंपनीले फोन." आणि त्यानं खरंच खिशातून फोन काढला.

चाचा त्या मोठ्या गाडीपाशी गेले. काचेवर टकटक करायला त्यांनी हात वर नेला. बोटं वाकवली. हात तसाच राहिला. मी माझ्या गाडीतून बघत होते आणि तो हात मला आतून माहीत होता. तो काचेपर्यंत पोचणार नव्हता. मागं तो बाप नंबर शोधत होता.

मग चाचांची बोटं उघडली. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि ते समोरची काच पुसायला लागले.

काचेवर धुळीचा थर होता, शिरीषाची फुलं चिकटली होती. त्यांनी एक एक फूल उचलून बाजूला ठेवलं आणि रुमाल गोल गोल फिरवायला सुरुवात केली, सावकाश, एखाद्या तापलेल्या माणसाचं कपाळ पुसावं तसं. त्या बापाचा अंगठा फोनवर थांबला.

मी कधी उतरले मला आठवत नाही. गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून मी माझ्या ओढणीचं टोक काचेवर ठेवलं. त्यांचा हात एवढाच वर पोचत होता, माझा त्याहून थोडा जास्त. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. धुळीत दोन स्वच्छ गोल तयार झाले, ते मोठे होत होत मध्ये एकमेकांना लागले, आणि तेवढ्यातून ऊन आतल्या माणसाच्या तोंडावर पडलं.

त्यानं डोळे उघडले. समोर एका बाजूला टोपीवाला म्हातारा, दुसऱ्या बाजूला मी. तो थोडा वेळ स्वप्नात असल्यासारखा आमच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर मशीनकडं गेली, मागच्या गाडीकडं गेली. तो ओशाळा होऊन अनवाणीच खाली उतरला.

"चाचा, अहो, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"काई नाही बेटा. धूळ लय होती."

त्यानं गन काढली, जागेवर लावली, त्या बापाकडं बघून हात जोडले. "झोप लागली हो भाऊ. सॉरी."

"होते," बाप म्हणाला आणि फोन खिशात घातला. मग मुलांना म्हणाला, "उतरा बे सगळे. बसा तिकडं खुर्च्यांवर."

तो माणूस परत गाडीत बसला. आम्ही दोघं अजून काचेच्या दोन बाजूंना होतो. काच आता लख्ख होती, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण चाचांचा हात थांबला नव्हता म्हणून माझाही थांबला नव्हता. त्यानं आतून खुणेनं विचारलं, काढू का? चाचा त्याच्याकडं बघतच राहिले. मी मान हलवली.

गाडी आमच्या मधून काही आवाज न करता सरकत गेली, आणि आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो, हात तसेच हवेत वर धरलेले, मधे काहीच नसलेले.